घायपात

घायपात ही मेक्सिकोची जाड, मांसल पानांची वनस्पती. वाखासाठी, म्हणजे पानांतल्या चिवट धाग्यांसाठी, जगभर लावली गेलेली तिची मुख्य जात म्हणजे सिसल. मेक्सिकोतल्या युकातान प्रांताच्या ज्या बंदरातून वाख परदेशी जाई, त्याचेच हे नाव. दिसायला कोरफडीसारखी असली तरी ती शतावरीच्या कुलातली आहे.

पान मीटरभराहून लांब, तलवारीसारखे, टोकाला काळपट काटा. वजनात वाख जेमतेम 4 टक्के. बाकी सगळा गर आणि पाणी. पाने चेचून, खरवडून, धुऊन वाळवली की पांढरट, राठ वाख हाती येतो व त्याचे दोर वळतात. हिरवा रस अंगाला लागला तर कातडी भयंकर खाजते, म्हणून हे काम जपूनच करावे लागते.

नवल हे की, सिसलला बी सहसा धरतच नाही. गुणसूत्रांचे पाच संच असल्याने बीजनिर्मितीच बिघडते. तरीही ती माळरानावर, उजाड उतारांवर आपली आपण पसरते. झाड आयुष्यात एकदाच फुलते. मधूनच खांबासारखा 5-6 मीटरचा दांडा वर चढतो, फुले गळतात आणि त्यांच्या जागी शेकडो कंदिका धरतात. एखादी हातात घेऊन पाहावी: बोटभर लांबीचे, इवल्या पानांचे अख्खे रोपच असते ते. खाली पडले की मूळ धरते. आईझाड वाळून जाते, पण तोवर बुडाशी फुटव्यांचा वेढा पडलेला असतो. पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडत असल्याने पाणी फार कमी उडते. दुष्काळातही हा पसारा टिकतो.

जर्मन कृषितज्ज्ञ रिचर्ड हिंडॉर्फ यांनी फ्लोरिडाहून मागवलेल्या रोपांपैकी अवघी 62 रोपे 1893 मध्ये पूर्व आफ्रिकेत जिवंत पोहोचली. आजच्या टांझानियातले अफाट मळे त्यांच्यापासूनच वाढले. पुढे प्लास्टिकच्या दोऱ्यांनी वाखाचा भाव पाडला, कित्येक मळे ओस पडले. झाडे मात्र तिथून हलली नाहीत. फ्लोरिडा, हवाई, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे आज सिसल रानटी झाली आहे. तिच्या दाट बेटात स्थानिक गवताला आणि झुडपांना जागाच उरत नाही.

तिला हटवायचे तर दांडा कंदिका धरण्याआधीच तोडावा आणि बुंधा मुळासकट खणून काढावा. कंदिका धरल्यावर तोडलेला दांडा तिथेच टाकला, तर त्याच्याभोवती नवी रोपे उगवतात.