लिनक्सवर माइक चालत नाही, हे खरं आहे का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक समज असा: ‘लिनक्समध्ये माइकचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, नसतो, रेकॉर्डिंग करायचं तर विंडोजच टाका.’

रेकॉर्डिंग कोरं आलं की असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ध्वनीचे ड्रायव्हर सांभाळणारी ‘अल्सा’ प्रणाली डिसेंबर २००३मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. बहुतेक यूएसबी माइक तर वेगळं काही न टाकता ओळखले जातात.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एरेकॉर्ड’ (arecord) लिहून जागा सोडा, वजाचिन्ह व छोटा एल टाइप करा. यादीत साउंड कार्ड दिसलं, तर ड्रायव्हर आहे. यादी रिकामी असेल तरच ड्रायव्हर किंवा फर्मवेअरची (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) शंका घ्यावी.

कार्ड दिसूनही आवाज नाही? टर्मिनलमध्येच ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) उघडून एफ४ दाबा. कॅप्चर, म्हणजे माइकचा आवाज घेणं, बंद असेल तर स्पेसबारने सुरू होतं. मग रेकॉर्डिंग चालू ठेवून ‘पावूकंट्रोल’ (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्रामच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये स्रोत बघा. तिथे ‘मॉनिटर’ निवडलेला असेल, तर माइकऐवजी स्पीकरला जाणारा आवाज नोंदला जातो. ही चूक फार सहज होते.

आणि पिन जरूर बघा, कारण इथे सॉफ्टवेअरचा संबंधच नसतो. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन पट्टे, म्हणजे चार संपर्क असतात. डेस्कटॉपचं गुलाबी छिद्र तीन संपर्कांच्या पिनेसाठी असतं. हेडफोन आणि माइक वेगळे करणारा स्प्लिटर लावा. तोच हेडसेट त्याच छिद्रात थेट लावला, तर विंडोजवरही माइक चालणार नाही.