वेग वाढवलेला प्रोसेसर आणि मध्येच बंद पडणारा गेम

ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या, संगणकावर गेम मध्येच बंद पडतो, तेव्हा पडद्यावरची सूचना चूक कुठे उघडकीस आली एवढेच सांगते. ती मुळात कुठे झाली हे तिला ठाऊक असेलच असे नाही. याचे ठळक उदाहरण 2023-24 मध्ये जगभर पाहायला मिळाले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचे प्रोसेसर बसवलेल्या अनेक संगणकांवर अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर तयार झालेले गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असे सांगून बंद पडत होते. साहजिकच लोकांचा संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. प्रत्यक्षात कार्डावर मेमरी शिल्लक असे. गेमचा आकुंचित करून साठवलेला डेटा उलगडताना चुकत होता तो प्रोसेसर. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज आणि तापमान यांमुळे प्रोसेसरमधील क्लॉकचे स्पंदन वाहून नेणाऱ्या मंडलाची झीज होते, असे इंटेलने पुढे जाहीर केले आणि ऑगस्ट 2024 पासून व्होल्टेजला आवर घालणारे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारित आवृत्ती) दिले. या वापरकर्त्यांपैकी कित्येकांनी तर सेटिंगला हातही लावला नव्हता. जो स्वतः हात लावतो, त्याने सूचनेवर किती भिस्त ठेवावी हे यावरून कळेल.

प्रोसेसर चुकतो म्हणजे नेमके काय होते? 5 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये क्लॉकच्या, म्हणजे सगळ्या कामाला ताल देणाऱ्या स्पंदनाच्या, दोन ठोक्यांमधले अंतर 200 पिकोसेकंद असते, आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 6 सेंटिमीटर जातो. एका रजिस्टरमधून (मूल्य क्षणभर धरून ठेवणाऱ्या जागेतून) निघालेल्या संकेताने वाटेतल्या ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून जाऊन पुढचा ठोका पडण्यापूर्वी दुसऱ्या रजिस्टरपाशी पोहोचायचे असते. ठरल्या मिनिटाला सुटणाऱ्या आमच्या गोव्यातल्या कदंब बससारखे हे आहे: प्रवासी फाट्यावर पोहोचला नसला तरी बस निघते (निदान वेळापत्रकात तरी). संकेत उशिरा आला तर रजिस्टर जुनेच मूल्य टिपते आणि एखादा बिट चुकतो. तो बिट एखाद्या ठिपक्याच्या रंगाचा असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तो मेमरीतल्या पत्त्याचा असेल तर प्रोग्राम भलत्याच जागी हात घालतो आणि विंडोज त्याला ‘अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’ म्हणून बंद करते. एकच बिघाड दर वेळी वेगळे रूप घेऊन येतो, तो यामुळे.

व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि तापले की मंदावतात. ओव्हरक्लॉकिंगची सगळी ओढाताण या दोन गोष्टींमधली आहे. प्रोसेसरच्या कामापोटी खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या (दर सेकंदाच्या ठोक्यांच्या) पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. शिवाय हवेचा असो वा पाण्याचा, साधा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. डिसेंबरातल्या रात्री पणजीतल्या खोलीत 21 अंश असतील आणि मे महिन्यात 33, तर हा बारा अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा चिपच्या तापमानात जमा होतो. डिचोली-साखळीकडे खनिज मालाच्या रस्त्यालगत घर असेल, तर कूलरच्या पात्यांमध्ये बसणारी तांबडी धूळ आणखी भर घालते. हिवाळ्यात रात्रभर चाललेली चाचणी उन्हाळ्यासाठी ग्राह्य धरता येत नाही.

पण तापमान हेच प्रत्येक वेळी कारण असते असेही नाही. पर्वरीतल्या आमच्या शेजारच्या कॉलेजकुमाराची तक्रार याच्या उलट होती: “काका, लढाई चालू असताना काही होत नाही, नकाशा लोड होतानाच बंद पडतो.” त्याच्या संगणकात एएमडीचा रायझन प्रोसेसर होता आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेजच्या सेटिंगमध्ये त्याने सर्व कोरचे (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांचे) व्होल्टेज सारखेच उतरवले होते. प्राइम95 ही चाचणी तासन्‌तास बिनचूक चालत होती. मात्र या चाचणीत सगळे कोर एकदम राबतात, त्यामुळे शक्तीच्या मर्यादेपायी ते कमी वारंवारतेवर थांबतात. नकाशा लोड होताना दोन-तीनच कोरवर काम येते, ते सर्वोच्च वारंवारतेपर्यंत उसळी मारतात, आणि भार क्षणात चढतो-उतरतो. नेमक्या त्याच टप्प्यावर त्यांना व्होल्टेज अपुरे पडत होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) या हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या नावाखाली 18 क्रमांकाच्या नोंदी सापडल्या. प्रत्येकीत ‘कॅश हायरार्की एरर’ (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक) आणि ‘एपिक आयडी’, म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक, 4 किंवा 5. प्रत्येक कोरला दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे) असल्याने आणि मोजणी शून्यापासून होत असल्याने हे दोन्ही आकडे तिसऱ्या कोरचे. तेवढ्या एका कोरचे व्होल्टेज थोडे वर आणल्यावर गेम चालू राहिला. याच नावाखालची 19 क्रमांकाची नोंद दुरुस्त झालेल्या चुकीची असते. गेम सुरळीत चालत असतानाही ती वाढत असेल, तर संगणक काठावर उभा आहे असे समजावे.

एवढी नेमकी नोंद दर वेळी मिळत नाही. तेव्हा बायोस (संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग) मूळ स्थितीत आणून तोच गेम त्याच दृश्यापर्यंत खेळून पाहणे, हाच सर्वांत कमी वेळखाऊ मार्ग आहे, जरी तो कोणालाच आवडत नसला तरी. बिघाड थांबला तर आधी रॅम, मग प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड अशी एकेकाची वाढ पुन्हा लावून पाहावी. रॅम आधी, कारण इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्स्पो हे रॅमचा वेग वाढवणारे तयार प्रोफाइल चालू करणे म्हणजेही ओव्हरक्लॉकिंग, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मेमटेस्ट86 हा प्रोग्राम विंडोज सुरू होण्याआधीच चालतो आणि त्यात आलेली एकही चूक क्षम्य नसते. मिरामार किंवा कळंगुटसारख्या समुद्रालगतच्या वस्तीत रॅमच्या पट्ट्या एकदा काढून, संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पुन्हा घट्ट बसवाव्यात. खारट दमट हवा सोन्याच्या पातळ मुलाम्याखालच्या धातूपर्यंत पोहोचते.

ग्राफिक्स कार्डाची लक्षणे बहुधा डोळ्यांना दिसतात: चमकणारे ठिपके, ताणलेले त्रिकोण, किंवा क्षणभर काळा होऊन परत येणारा पडदा. कार्डाने सुमारे दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू करते, पण गेमला ते सहसा झेपत नाही.

संगणक अचानक रीस्टार्ट झाल्यावर दिसणाऱ्या ‘कर्नल-पॉवर 41’ या नोंदीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते; पावसाळ्यात लगेच वीज खात्यावर खापर फोडण्याइतका पुरावा त्यात नसतो. चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण 16 मिलिसेकंदांचा खंड सोसतो, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेच्या एका आवर्तनाहून थोडा कमी. त्याहून मोठा खंड पडला तर खोलीतल्या घड्याळाचे किंवा राउटरचे दिवेही साक्ष देतात. ते स्थिर असतील आणि संगणकच तेवढा बंद पडत असेल, तर ग्राफिक्स कार्डाने क्षणार्धात ओढलेली जादा शक्ती पॉवर सप्लायला पेलते का, हे तपासावे.

सगळे मूळ स्थितीत आणूनही गेम त्याच जागी बंद पडत असेल, तर एक शक्यता उरते. अस्थिर रॅमवर गेम इन्स्टॉल किंवा अपडेट झाला असेल, तर चुकीचे बिट फाइलमध्येच लिहिले गेले असतात आणि वेग कमी केल्याने ते सुधारत नाहीत. अशा वेळी गेम स्टीम या विक्री-मंचावरून घेतला असेल तर तिथूनच गेमच्या फाइलींची पडताळणी करावी आणि विंडोजच्या फाइलींसाठी सिस्टिम फाइल चेकर चालवावा, पण रॅमची चाचणी निर्दोष आल्यानंतरच. आधी केल्यास दुरुस्त केलेली फाइलही त्याच सदोष रॅममधून जाते.