एनबीए मानांकनाचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि सीओ-पीओचं काम

नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय परिषद, संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. त्यामुळेच एखाद्या कॉलेजात मेकॅनिकल शाखेला मानांकन असतं आणि शेजारच्या सिव्हिलला नसतं. राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) 1994 साली स्थापन केलं आणि 2010 पासून ते स्वायत्त आहे. 2014 मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठीच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. तेव्हापासून अभियांत्रिकी पदव्यांना परदेशात समकक्षता मिळण्याच्या दृष्टीने या मानांकनाचं महत्त्व वाढलं.

अर्जाआधी आपण कोणत्या गटात बसतो ते पाहावं. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग टियर-1 मध्ये येतात, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं टियर-2 मध्ये. वॉशिंग्टन कराराची मान्यता फक्त टियर-1 च्या अभ्यासक्रमांना लागू होते. प्रवेशाच्या वेळी पालकांना ही गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी.

पात्रतेची पहिली अट अशी, की त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन बॅचेस उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या असाव्यात. एआयसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता सलग हवी. याशिवाय प्रवेश क्षमतेच्या तुलनेत झालेले प्रवेश, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आणि पीएचडीधारक शिक्षकांची संख्या ई-एनबीए पोर्टलवरच्या प्री-क्वालिफायरमध्ये, म्हणजे पूर्वपात्रता अर्जात, भरावी लागते. हे निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून दुसऱ्या कॉलेजाकडून आणलेल्या जुन्या फॉर्मवर विसंबू नये, पोर्टलवरची चालू नियमावलीच वाचावी. प्री-क्वालिफायर मंजूर झाला की मग सेल्फ असेसमेंट रिपोर्ट, म्हणजे एसएआर, भरायचा. तो 1000 गुणांचा असतो.

कागदपत्रांमध्ये सर्वाधिक ओढाताण होते ती शिक्षकांच्या नोंदींवरून. नियुक्तीपत्र, रुजू झाल्याचा अहवाल, पदव्यांची प्रमाणपत्रं, पगारपत्रक आणि फॉर्म-16 (पगारातून कापलेल्या आयकराचं प्रमाणपत्र) यांतली नावं आणि तारखा एकमेकांशी जुळल्याच पाहिजेत. एसएआरच्या यादीतल्या शिक्षकाचा फॉर्म-16 नसेल, तर तपासणीत तिथेच बोट ठेवलं जातं. याखेरीज मान्यतेची पत्रं, प्रवेशयाद्या, निकाल, नोकरीची ऑफर लेटर्स, लेखापरीक्षण अहवाल, प्रयोगशाळांची स्टॉक रजिस्टर्स आणि समित्यांची इतिवृत्तं लागतात. ती वर्षवार लावलेली असली की पुरे.

खरा कस लागतो तो सीओ-पीओमध्ये. विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावं ते कोर्स आउटकम (सीओ), आणि पदवी घेऊन बाहेर पडताना काय करता यावं ते प्रोग्राम आउटकम (पीओ). दोन्हींचा संबंध किती घट्ट आहे ते 1, 2, 3 अशा श्रेणींनी दाखवतात. सीओ प्रत्यक्षात किती साधला, म्हणजे त्याची अटेनमेंट, ते वेगळं मोजतात. समजा, डेटा स्ट्रक्चर विषयाचा एक सीओ आहे: 'दिलेल्या समस्येसाठी योग्य डेटा स्ट्रक्चर निवडून प्रोग्राम लिहिणे'. विभागाने ठरवलं, की या सीओवरच्या प्रश्नांत 60 टक्के गुण म्हणजे लक्ष्य गाठलं. 60 टक्के विद्यार्थ्यांनी ते गाठलं तर पातळी 1, 70 टक्क्यांना 2 आणि 80 टक्क्यांना 3. वर्गात 60 मुलं आहेत आणि 45 जणांनी लक्ष्य गाठलं, म्हणजे 75 टक्के, अर्थात पातळी 2. हा हिशेब जमायचा, तर प्रश्नपत्रिका काढतानाच प्रत्येक प्रश्नासमोर त्याचा सीओ लिहिलेला हवा आणि गुण प्रश्नवार नोंदलेले हवेत. एनबीएच्या तपासणी समितीच्या भेटीच्या आदल्या महिन्यात बसून तीन वर्षांची अटेनमेंट एकदम काढली, तर आकडे गुळगुळीत दिसतात आणि पहिल्याच प्रश्नाला शिक्षक अडखळतो. त्यात मुलांचा काडीचाही फायदा नसतो.

पातळी 2 आली, पुढे काय केलं? समितीला यातच जास्त रस असतो. 'प्रोग्राम लिहिताना मुलं अडकत होती, म्हणून पुढच्या सत्रात प्रात्यक्षिकांचे तास वाढवले आणि अटेनमेंट सुधारली' एवढी एक नोंद कोर्स फाइलमध्ये खरी असेल, तर ती पानभर सुभाषितांपेक्षा मोलाची.

संलग्न कॉलेजांची अडचण अशी, की अभ्यासक्रम आणि सत्रान्त पेपर विद्यापीठाचा. बदलाला वाव उरतो तो अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिकं आणि प्रकल्पांत. शिवाय विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून कोणता पीओ पुरेसा साधत नाही, ते शोधून ती उणीव कार्यशाळा किंवा जादा तासांनी भरून काढणं कॉलेजच्या हातात असतं. या गॅप अॅनालिसिसला अहवालात स्वतंत्र जागा आहे आणि टियर-2 कॉलेजाने ती नेटाने भरावी.

प्रत्यक्ष भेटीला एक अध्यक्ष आणि प्रत्येक अभ्यासक्रमासाठी दोन तज्ज्ञ येतात. ते प्रयोगशाळा पाहतात, उत्तरपत्रिका चाळतात आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक व नोकरी देणाऱ्या कंपन्यांशी बोलतात. मुलांना उत्तरं पाठ करून पाठवू नये. आपल्या प्रकल्पाबद्दल ती मनापासून बोलली तर पुष्कळ झालं. निकाल सहा वर्षांचं मानांकन, तीन वर्षांचं किंवा नकार, असा येतो. तीन वर्षांचं मिळालं तर अहवालातल्या उणिवा त्याच सत्रापासून हाती घ्याव्यात, कारण मुदत वाढवून घेताना त्या दूर केल्याचा पुरावा द्यावा लागतो.