घरातला सर्व्हर बाहेरून उघडत नाही? आधी हे पाहा

घरात वायफायवर सगळं झकास चालतं; बाहेर पडलं की फाइल उघडत नाही, कॅमेरे दिसत नाहीत, टॅली जोडलं जात नाही. आमच्याकडे या तक्रारीचे फोन सतत येतात, आणि फोन करेपर्यंत बहुतेकांनी राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक सर्व्हरकडे वळवण्याची सोय) उलटसुलट करून झालेलं असतं. त्याला इतक्यात हात लावू नका. राउटरला इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता मिळालाय की नाही, हे आधी बघा.

दोन आकडे ताडून पाहा

घरच्या वायफायवर राउटरचं पान उघडा. बहुधा ते १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं. तिथे ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, लिहिलेला असतो, तो टिपून घ्या. मग त्याच वायफायवर ‘माय आयपी’ असं सर्च करा आणि जो पत्ता दिसेल तो शेजारी लिहा. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा.

दोन्ही जुळले तर उत्तम, पुढच्या भागाकडे वळा. जुळले नाहीत, तर नुसतं तुमच्या राउटरमधलं फॉरवर्डिंग कितीही बदला, काही उपयोग नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा फायबरवाल्याचा डबाही राउटरचं काम करतोय आणि त्यामागे तुमचा राउटर लावलाय. म्हणजे घरात एकामागोमाग दोन राउटर. फायबरवाल्याला तो डबा ‘ब्रिज मोड’वर (राउटरचं काम न करता इंटरनेट नुसतं पुढे सोडेल असा) टाकायला सांगा. तो तयार नसेल, तर दोन्हीकडे फॉरवर्डिंग करावं लागतं. ते चालतं, पण पुढे दुरुस्तीला आलेला माणूस हमखास एकच डबा तपासून जातो.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर तुमच्या कंपनीने एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. काही केबलवाले यासाठीच १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. यात लबाडी नाही. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, आणि आशिया-प्रशांत विभागात ते वाटणाऱ्या एपनिककडचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. १००.६४ पासूनचा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. तुमच्यापुरता अर्थ एवढाच, की बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या, नाहीतर टेलस्केलसारखी सोय वापरा. त्यात सर्व्हर स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो. दोन-चार माणसांच्या वापराला आम्ही दुसरा मार्ग सुचवतो.

आकडे जुळतात, तरी उघडत नाही

बाहेरून तपासायचं म्हणजे खरंच बाहेरून. मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा, मग बघा. घरातच बसून स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकला, तर काही राउटर ती मागणी परत आत वळवत नाहीत. सगळं नीट असूनही बिघाड असल्यासारखं वाटतं.

‘काल चालत होतं, लाइट जाऊन आली आणि बंद पडलं’ असं असेल, तर सर्व्हरचा घरातला पत्ता बदलला असण्याची शक्यता मोठी. फॉरवर्डिंग १९२.१६८.१.२० कडे आणि सर्व्हर बसलाय .२३ वर. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून तो पत्ता कायमचा बांधून घ्या. लाइट आल्यावर बाहेरचा पत्ताही बदलू शकतो. डीडीएनएसचं नाव (बदलत्या पत्त्याच्या जागी वापरायचं कायमचं नाव) वापरत असाल, तर ते जुन्याच पत्त्यावर अडकलेलं नाही ना, तेही पाहा.

सर्व्हरवर पत्ता हाताने भरला असेल, तर ‘गेटवे’चा, म्हणजे बाहेर जाण्यासाठीच्या राउटरच्या पत्त्याचा, रकाना बघा. इथे चांगले चांगले फसतात. गेटवे रिकामा असला किंवा जुन्या राउटरचा राहिला, तरी घरात सगळं चालतं, कारण घरातल्या घरात गेटवे लागतच नाही. बाहेरची मागणी सर्व्हरपर्यंत येते. उत्तराला मात्र बाहेर जायला वाट नसते.

विंडोज असेल, तर नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवलं गेलंय का तेही बघा. तसं असेल तर विंडोजची फायरवॉल जास्त कडक होते. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा.

काय उघडू नका

फायरवॉल पूर्ण बंद करून, किंवा ‘डीएमझेड’मध्ये (बाहेरची प्रत्येक मागणी थेट त्याच्याकडे जाईल असा) सर्व्हर टाकून ‘आता चालतंय’ म्हणणारे भेटतात. कृपया असं करू नका, आम्हालाही करायला सांगू नका. पोर्ट ४४५ (विंडोजचं फाइल शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) थेट इंटरनेटवर उघडून द्यायला आम्ही साफ नकार देतो. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस ४४५ वरूनच पसरलं. २०१६ च्या मिराई या व्हायरसने तर कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते. खरा पत्ता असेल, तर वायरगार्ड या व्हीपीएनसाठी (घरापर्यंतची सुरक्षित खाजगी वाट) एकच पोर्ट उघडा (नेहमीचा ५१८२०, आणि फॉरवर्डिंगच्या पानावर प्रकार यूडीपी निवडा, टीसीपी निवडलं तर चालणार नाही) आणि बाकी सगळं त्यातून वापरा.

एवढं करूनही अडलं, तर वर टिपलेले दोन्ही आकडे, फॉरवर्डिंगच्या पानाचा फोटो आणि फायबरच्या डब्याचा मागच्या बाजूचा, तारा दिसतील असा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पासवर्ड पाठवू नका. डब्याच्या स्टिकरवर वायफायचा पासवर्ड छापलेला असतो, तेवढा भाग झाकून फोटो काढा.