प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीतील गुणांकन

प्रॅक्टिकल नेमबाजीच्या स्पर्धेत पुठ्ठ्याच्या टार्गेटवरील गोळ्यांची भोके तपासून गुण देण्याची पद्धत. तिचे नियम आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही संघटना ठरवते. संघटनेची स्थापना १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिसुरी येथे झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष होते. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाज एका जागी उभा असतो. इथे स्पर्धक पळत, आडोशाआडून गोळ्या झाडतो. मग पंच प्रत्येक टार्गेटजवळ जाऊन भोके वाचतो.

टार्गेटवर ए, सी आणि डी असे विभाग असतात. ‘ए’ला सर्वांना ५ गुण. कमी शक्तीच्या (मायनर) काडतुसांना ‘सी’साठी ३ व ‘डी’साठी १, तर जास्त शक्तीच्या (मेजर) काडतुसांना अनुक्रमे ४ व २ गुण मिळतात. हुकलेल्या गोळीला १० गुणांचा दंड; ‘नो-शूट’ म्हणजे मारू नये अशा टार्गेटला गोळी लागली तरी तेवढाच. एकूण गुणांना वेळेने भागले की ‘हिट फॅक्टर’ येतो. ८० गुण २० सेकंदांत मिळवणाऱ्याचा हिट फॅक्टर ४, तर ७२ गुण १६ सेकंदांत मिळवणाऱ्याचा ४.५. अर्थात दुसरा पुढे.

वाद होतात ते रेषेवरच्या भोकांवरून. गोळीचा व्यास दोन विभागांमधल्या रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो. मात्र पुठ्ठा फाटून भोकाभोवती पडलेल्या चिरा मोजल्या जात नाहीत. चीर ‘ए’त शिरली, पण गोळीचा ठसा बाहेरच राहिला, तर ‘सी’च. अशा वेळी वर्तुळे छापलेला पारदर्शक मापक भोकावर ठेवतात. टार्गेट आणि त्यावर चढवलेला नो-शूट या दोहोंना गोळी टेकली, तर गुणही मिळतात आणि दंडही बसतो. हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण पंचाच्या मर्जीला तो जागा ठेवत नाही. ‘दोन्ही गोळ्या एकाच भोकातून गेल्या’ हा दावा नेहमीचाच. दुसऱ्या गोळीची कड कुठेतरी दिसली तरच तो टिकतो.

त्याहून नाजूक काम चिकटपट्टीचे. गुण लिहून होताच भोके बुजवावी लागतात, आणि हे काम बहुधा गटातले इतर स्पर्धकच करतात. आधीच्या स्पर्धकाचे भोक उघडे राहिले आणि कोणते कोणाचे हे कळेना, तर अंदाजाने गुण देत नाहीत. पूर्ण फेरी पुन्हा खेळवतात. पंचाने पाहण्याआधीच कोणी घाईने पट्टी लावली आणि खरे गुण कळेनासे झाले, तरी हेच.

पोलादी टार्गेट पडले तरच गुण. गोळी लागूनही पॉपर (गोळी लागल्यावर पडणारे पोलादी टार्गेट) उभा राहिला, तर स्पर्धक त्याची चाचणी मागू शकतो. ठरावीक शक्तीच्या गोळीने तो पडला तर स्पर्धकाची मूळ गोळी हुकली असे धरतात. नाही पडला तर फेरी पुन्हा.

तपासणीच्या वेळी स्पर्धक किंवा त्याचा प्रतिनिधी हजर राहू शकतो, पण टार्गेटला हात लावू शकत नाही. निर्णय मान्य नसेल तर तक्रार मुख्य पंचाकडे आणि शेवटी रेंज मास्टरकडे, म्हणजे स्पर्धेच्या सर्वोच्च पंचाकडे जाते. कागदी टार्गेटवरील भोकाबाबत त्याचा शब्द अखेरचा. तोवर त्या टार्गेटवर पट्टी लागत नाही.