जोडवर्ग आणि पालकांच्या शंका

जोडवर्ग : दोन किंवा अधिक इयत्तांची मुले एकाच खोलीत बसवून एकाच शिक्षकाने चालवलेला वर्ग. शिक्षणशास्त्रात यास बहुवर्ग अध्यापन म्हणतात. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत, विशेषतः वाड्या-वस्त्यांवर आणि आदिवासी पाड्यांवर, ही नित्याची व्यवस्था आहे. पालकांच्या तोंडी मात्र ती बहुधा 'एक गुरुजी आणि दोन वर्ग' अशा तक्रारीच्या स्वरात येते.

जोडवर्ग नियमबाह्य आहे, असा अनेक पालकांचा समज असतो. तो खरा नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक मिळतात. कायदा शिक्षक मोजतो तो पटावर, म्हणजे शाळेतील एकूण मुलांच्या संख्येवर, इयत्तांवर नव्हे. त्यामुळे चाळीस पटाच्या चौथीपर्यंतच्या शाळेत चार इयत्तांना दोनच शिक्षक असणे हे कायद्याला धरूनच आहे. त्याआधी १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेनेही प्रत्येक शाळेला किमान दोन शिक्षक देण्याचेच उद्दिष्ट ठेवले होते.

अशा खोलीत सहसा फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, उजवीकडे चौथीचा भागाकार. शिक्षक एका बाजूला शिकवत असताना दुसऱ्या बाजूची मुले शुद्धलेखन, पाढे किंवा गटप्रमुखाच्या देखरेखीखाली स्वाध्याय करतात. पालकांची मुख्य हरकत याच 'दुसऱ्या बाजू'ला असते: चाळीस मिनिटांच्या तासिकेत आपल्या मुलाच्या वाट्याला शिक्षक वीसच मिनिटे येतो आणि उरलेला वेळ मूल नुसते गुंतवून ठेवले जाते. ही हरकत सर्व विषयांना सारखी लागू पडत नाही. गोष्ट, कविता, परिसर अभ्यास दोन्ही इयत्तांना मिळून शिकवता येतो. चौथीतील शिवरायांच्या इतिहासाचे पाठ तिसरीची मुले वर्षभर कानावर पडून आधीच सांगू लागतात, हा तर अशा शाळांतला नेहमीचा अनुभव आहे. गणितात मात्र एक पायरी सुटली की पुढची अडते. पहिलीची अडचण सर्वांत मोठी, कारण ज्याला अजून वाचता येत नाही त्या मुलाला स्वयंअध्ययन देणार तरी कसले? म्हणून पहिली-दुसरीच्या पालकांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही. त्यातच दोनपैकी एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही इयत्ता उरलेल्या एकावर येतात.

मोठ्या इयत्तेच्या मुलांचा वेळ लहानांना शिकवण्यात जातो, ही आणखी एक तक्रार. लहानाला समजावून सांगताना मोठ्याचे स्वतःचेही पक्के होते, हे खरे. पण ते रोजचेच काम झाले तर ती शिक्षकाची उणीव मुलाकडून भरून काढणे ठरते.

शिक्षणसंशोधक सायमन व्हेनमान यांनी १९९५ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून, जोडवर्गातील आणि स्वतंत्र वर्गातील मुलांच्या प्रगतीत लक्षणीय फरक आढळत नाही असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी मेसन आणि बर्न्स यांनी त्यावर आक्षेप घेतला: जोडवर्गासाठी बरेचदा हुशार, स्वतंत्रपणे काम करणारी मुले आणि चांगले शिक्षक निवडले जातात, त्यामुळे मूळचे नुकसान झाकले जाते. महाराष्ट्रातील पालकांच्या दृष्टीने हा आक्षेपच अधिक महत्त्वाचा आहे, कारण येथे मुलांची अशी निवड होतच नाही. वस्तीत जितकी मुले, तितकी सगळी त्या वर्गात. म्हैसूर जिल्ह्यात १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'नली-कली' उपक्रमात इयत्तांऐवजी प्रत्येक मुलाची पायरी धरून कार्डांच्या साहाय्याने शिकवले जाते. तेथे जोडवर्ग अभ्यासक्रमातच गृहीत धरलेला आहे, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला प्रत्येक इयत्तेचे वेगळे पाठ्यपुस्तक वर्षाअखेर संपवायचे असते.

या चिंतेचा परिणाम पटावर होतो. ऐपत असलेला पालक मुलाला गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतो, पट घटतो, संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षकाचे पद कमी होते आणि उरलेल्या मुलांचे आणखी वर्ग जोडले जातात. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. समूह शाळेत प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळू शकतो. मात्र प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी या निकषाला त्यात मुरड पडते, आणि सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढ्यापलीकडे पाठवायचे की वस्तीवरच्या जोडवर्गात ठेवायचे, हे पालकाला ठरवावे लागते.