ऑल-इन-वन इलेक्ट्रिक होमब्रूइंग सिस्टिम

ऑल-इन-वन इलेक्ट्रिक होमब्रूइंग सिस्टिम म्हणजे घरी धान्यापासून बिअर करण्यासाठी विजेवर चालणारं एकच उभट स्टीलचं भांडं, ज्यात पाणी तापवणं, भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवणं, ते निथळून घेणं आणि मग तोच गोड रस हॉप्स (कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) टाकून उकळणं ही सगळी कामं होतात. बुडाशी हीटिंग एलिमेंट, आत जाळीच्या तळाचा उचलून काढता येणारा धान्याचा डबा, एक छोटा पंप, आणि तापमान सेट करायला कंट्रोलर, एवढाच सगळा पसारा. पण एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की असलेली बरी, या भांड्यात बिअर होत नाही. यात होतो तो वर्ट, म्हणजे माल्टचा गोड रस, आणि त्याची बिअर यीस्ट करतं, दुसऱ्या भांड्यात, पुढच्या दोनेक आठवड्यांत. नवीन माणूस सगळं बजेट मशीनवर घालवतो आणि यीस्टला हवं ते तापमान सांभाळायला काही उरत नाही, आणि पहिली बॅच बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

हे आलं कुठून

आधी धान्यापासून बिअर करायची म्हणजे तीन भांडी लागायची, एकात गरम पाणी, दुसऱ्यात मॅश (गरम पाण्यात भिजत घातलेलं माल्ट), तिसऱ्यात उकळी, आणि खाली मोठा गॅस बर्नर, त्यामुळे ज्याला अंगण किंवा गॅरेज आहे त्याचाच हा छंद. मग २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी एकच भांडं आणि एक कापडी पिशवी अशी पद्धत लोकप्रिय केली, पिशवीत धान्य, भिजवून झालं की पिशवी उचलायची आणि त्याच भांड्यात उकळायचं. ऑल-इन-वनची कल्पना याच्याच जवळची, पिशवीच्या जागी स्टीलचा डबा आणि गॅसच्या जागी वीज. जर्मनीच्या श्पाइडल कंपनीचा ब्राउमाइस्टर हा या प्रकारातला सुरुवातीचा मोठा, त्यात पंप रस खालून वर धान्यातून ढकलतो. नंतर न्यूझीलंडहून ग्रेनफादर आला, त्यात रस पाइपने वर चढतो आणि धान्यातून खाली झिरपतो, आणि आजची बहुतेक मशीन्स याच रीतीने चालतात. ऑस्ट्रेलियातल्या केगलँडचा रोबोब्रू, ज्याचं नाव पुढे ब्रूझिला झालं, याने किमती बऱ्याच खाली आणल्या, अमेरिकेत ब्लिकमनचा अ‍ॅन्व्हिल फाउंड्री चालतो.

छंद म्हणून हे वाढलं ते कायदे सुटले म्हणून. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला लायसन्स लागायचं, ते १९६३ मध्ये काढलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती बिअर केंद्रीय करातून सुटली, एका घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००, आणि विकायची अजिबात नाही. तरीही राज्यांचे कायदे वेगळेच राहिले, अलाबामा आणि मिसिसिपीत २०१३ उजाडलं. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, लायसन्सशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा, मग ते स्वतःपुरतं का असेना. २००९ मध्ये पुण्यात दूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याची छोटी जागा, सुरू झाली आणि त्यानंतर मायक्रोब्रुअऱ्या बऱ्याच झाल्या, पण त्या लायसन्सवर चालतात, घरातल्या भांड्याला ती सवलत नाही. त्यामुळे ही नोंद ऑकलंड, मेलबर्न, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या उपयोगाची, जिथे हे करायला परवानगी आहे.

आधी वीज बघा

मशीन घेताना लोक लिटर बघतात, अ‍ॅप बघतात, आणि वॉट बघायचे राहतात, खरं तर सगळा दिवस वॉटवर ठरतो. साधा हिशोब आहे, २५ लिटर पाणी २० अंशावरून ६५ अंशावर न्यायला २००० वॉटचं एलिमेंट साधारण ४० मिनिटं घेतं, आणि पुढे २८ लिटर रस ६५ वरून १०० पर्यंत न्यायला अजून ३५ मिनिटं, वर हवेत जाणारी उष्णता धरली तर त्याहून जास्तच. ऑस्ट्रेलियात साध्या सॉकेटची मर्यादा १० अ‍ॅम्पिअर म्हणून तिथली मशीन्स २४०० वॉटला थांबतात. अमेरिकेत घरातला साधा सॉकेट १२० व्होल्टचा आणि १५ अ‍ॅम्पिअरचा, म्हणून तिथे मशीन १५०० ते १६०० वॉटच्या आसपास असतं आणि उकळी यायला तास सहज जातो, आली तरी ती खळखळ नसते, नुसती हलती असते. यावर उपाय म्हणजे भांड्याभोवती इन्सुलेशनचं जॅकेट, किंवा थेट २४० व्होल्टची लाइन. अ‍ॅन्व्हिलसारखी काही मशीन्स दोन्ही व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे आज साध्या सॉकेटवर सुरू करून उद्या गॅरेजमधल्या मोठ्या सॉकेटवर जाता येतं, आणि अमेरिकेत राहणाऱ्याने तेच घ्यावं असं माझं मत आहे.

एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही, गुंडाळलेली वायर तर नाहीच, चार-पाच तास पूर्ण लोडवर ती तापते आणि प्लग वितळतो. त्याच सर्किटवर हीटर किंवा ड्रायर नको, आणि शॉक लागू नये म्हणून करंट तोडणारा सेफ्टी स्विच लाइनवर हवाच, कारण इथे पाणी आणि वीज दिवसभर एकाच जागी असतात.

पहिला दिवस नुसत्या पाण्याचा

बॉक्स उघडला की लगेच बिअर करायला घेऊ नये. पहिले भांडं, डबा, जाळ्या साबणाने नीट धुवायच्या, फॅक्टरीचं तेल लागलेलं असतं. मग मोजून २० लिटर पाणी भरायचं आणि सगळा दिवस नुसत्या पाण्यावर चालवायचा, पंप चालू करायचा, तोटी गळते का बघायची, ६५ ला सेट करून वेगळ्या थर्मामीटरने ताडून बघायचं. एक-दोन अंशांचा फरक निघतोच, तो लिहून ठेवायचा. मग झाकण काढून एक तास उकळायचं आणि किती पाणी उडालं ते मोजायचं, साधारण ३ लिटरच्या आसपास उडतं पण प्रत्येक घराचं वेगळं, आणि हा आकडा हातात नसेल तर पुढची कुठलीच रेसिपी जमत नाही. उंचावर राहणाऱ्यांनी अजून एक बघायचं, डेन्व्हरमध्ये पाणी ९५ अंशालाच उकळतं, तिथे कंट्रोलर १०० ची वाट बघत बसतो, म्हणून बॉइल मोड किंवा पूर्ण पॉवर वापरायची.

एलिमेंट कोरडं असताना कधीही चालू करायचं नाही. बुडाशी थर्मल कटआउट असतो, जास्त तापलं की तो मशीन बंद पाडतो आणि त्याचं रीसेट बटण बहुतेक वेळा भांड्याच्या खाली असतं, गरम रसाने भरलेलं भांडं तिरकं करून ते बटण शोधायची वेळ येऊ नये म्हणून ते आजच शोधून ठेवायचं.

धान्य आणि पाणी

पहिली बॅच एकाच माल्टची आणि एकाच हॉप्सची करावी, ५ किलो पेल माल्ट, मॅरिस ऑटर जातीचं मिळालं तर छानच, आणि कॅस्केड हॉप्स. कॅस्केड १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि तिथल्या पेल एलची (एल म्हणजे कोमट तापमानाला आंबवलेल्या बिअरचा प्रकार) चव याच हॉप्सने घडवली, नवशिक्याला ते सांभाळून घेतं. माल्ट भरडलेलं हवं, पीठ नको, दाणा फुटलेला पण टरफल शाबूत, कारण ते टरफलच आत गाळणीचं काम करतं. फार बारीक दळलं की रस खाली उतरतच नाही, मॅश अडकतो. गव्हाचं माल्ट जास्त असेल तर मूठ-दोन मूठ भाताचं तूस मिसळतात, चवीला काही फरक नाही आणि रस मोकळा वाहतो.

पाण्यासाठी ग्रेनफादरच्या ३० लिटरवाल्या मशीनचं सूत्र प्रसिद्ध आहे, किलोत धान्य गुणिले २.७ अधिक ३.५ एवढे लिटर मॅशला. म्हणजे ५ किलोला १७ लिटर. नंतर धान्य धुवायला १५ लिटर, धान्य त्यातलं ४ लिटर पिऊन टाकतं, उकळीला २८ मिळतात, ३ उडतात, २ गाळात जातात आणि २३ लिटर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, उतरतात. दुसऱ्या मशीनचे आकडे थोडे वेगळे, पण हिशोब असाच मांडायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मात्र काढायचंच, नाहीतर बिअरला औषधी वास येतो, पोटॅशिअम मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन नावाची गोळी मिळते, अर्धी गोळी या सगळ्या पाण्याला पुरते.

मॅशपासून उकळीपर्यंत

आधण ७१-७२ अंशांना आणायचं कारण थंड धान्य पडल्यावर ते पाच-सहा अंश उतरतं. धान्य हळूहळू ओतत ढवळायचं, आत कोरडी गुठळी राहता कामा नये. मग ६६ च्या आसपास एक तास. खालच्या तापमानाला, ६२ ते ६४, रस जास्त आंबणारा होतो आणि बिअर हलकी लागते, ६८-६९ ला अंगाने जड, गोडसर. दहा मिनिटं धान्य बसू द्यायचं आणि मगच पंप सुरू करायचा, तोही तोटी अर्धीच उघडून, कारण पंप जोरात असला की रस धान्यातून न जाता मधल्या ओव्हरफ्लो पाइपमधून परत येतो किंवा वरच साठतो, आणि खाली एलिमेंटवर रस कमी पडला की तो करपतो, आणि करपलेल्या बिअरला तो जळका वास शेवटपर्यंत राहतो, काही केलं तरी जात नाही. कंट्रोलरचा सेन्सर बुडाशी असतो, त्यामुळे स्क्रीनवर ६६ दिसत असताना वरचं धान्य ६३ ला असू शकतं, अधूनमधून वरून हाताने मोजावं.

तासानंतर ७५ पर्यंत नेऊन डबा उचलायचा आणि कडांवर टेकवायचा. भिजलेलं धान्य, डबा मिळून दहा-बारा किलो होतं आणि ते कंबरेच्या वर उचलायचं असतं, गरम, गळतं, चिकट. मशीन टेबलावर नाही, बुटक्या स्टुलावर किंवा जमिनीजवळ ठेवावं, पाठ वाचते. निथळतानाच वरून ७५ अंशांचं पाणी सावकाश ओतायचं, ते तापवायला वेगळी किटली लागते, म्हणजे ऑल-इन-वन म्हटलं तरी एक भांडं वाढतंच.

उकळी फुटताना तिथून हलायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत फेस चढतो आणि उतू गेला तर चिकट रस कंट्रोलरमध्ये जातो. चमच्याने ढवळायचं, पॉवर कमी करायची. झाकण उकळीभर उघडंच, वाफेबरोबर शिजलेल्या मक्याचा वास देणारं द्रव्य उडून जातं. घरात करत असाल तर ३ लिटर वाफ भिंतीवर बसते, एक्झॉस्ट नसेल तर खिडकीपाशी करा. कडवटपणाचे हॉप्स सुरुवातीला, सुवासाचे शेवटच्या दहा मिनिटांत.

थंड करणं आणि यीस्ट

मशीनबरोबर तांब्याची किंवा स्टीलची कॉइल येते, तिच्यातून नळाचं पाणी फिरवायचं. उन्हाळ्यात टेक्सस किंवा ब्रिस्बेनला नळालाच २८ अंशांचं पाणी येतं, मग रस २० ला येणार कसा, तिथे बर्फाच्या बादलीतून दुसऱ्या पंपाने पाणी फिरवतात. ऑस्ट्रेलियात बरेच लोक थंड करतच नाहीत, गरम रस जाड प्लास्टिकच्या बंद कॅनमध्ये भरून रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट टाकतात, आणि ही पद्धत नवशिक्यालाही चालते. एक लक्षात ठेवायचं, रस थंड झाल्यापासून त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, स्टार सॅन नावाचं निर्जंतुक करणारं द्रावण एका लिटरला दीड मिली पुरतं, फेस राहिला तरी धुवायचं नाही.

रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०५० च्या आसपास आकडा आला की बरं चाललंय. कोरड्या यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं पाकीट २३ लिटरला पुरतं. विरजण लावताना दूध कोमट आहे ना बघतो तसंच इथेही तापमान बघून मगच यीस्ट टाकायचं, एलच्या यीस्टला १८ ते २० अंश. आंबताना रस स्वतःहून तीन-चार अंश तापतो हे बरेच जण विसरतात, खोली २४ ला असेल तर आत २७-२८ होतं आणि बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. म्हणून महागडं मशीन घेण्याऐवजी मधलं घ्या आणि उरलेल्या पैशात जुना फ्रिज आणि दोन प्लगचा टेम्परेचर कंट्रोलर घ्या, हे मी कोणालाही आग्रहाने सांगेन. फ्रिज जमत नसेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट आहे, ते ३० ते ४० अंशांतही छान काम करतं.

फर्मेंटर भरला की लगेच मशीन धुवायचं, वाळलेला गाळ दुसऱ्या दिवशी निघत नाही. सोडिअम परकार्बोनेट टाकून ६० अंशांवर अर्धा तास पंपातून फिरवायचं, मग साधं पाणी. बुडाला तपकिरी थर उरला तर सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो, तारेची घासणी लावायची नाही. चोथा ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, तो कंपोस्टमध्ये किंवा कोंबड्यांना.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर बघायचा, १.०१० आला तर दोन आकड्यांतला फरक गुणिले १३१.२५, म्हणजे सव्वापाच टक्के अल्कोहोल. पण एकदा बघून बाटल्या भरायच्या नाहीत, दोन-तीन दिवसांनी परत तोच आकडा हवा. मग लिटरला ६-७ ग्रॅम साखर, २३ लिटरला साधारण १५० ग्रॅम, उकळून थंड करून मिसळायची आणि बिअरच्याच जाड काचेच्या बाटल्यांत भरायची, सरबताच्या किंवा वाइनच्या बाटल्या दाबाने फुटतात. खोलीच्या तापमानाला दोन आठवडे बंद खोक्यात ठेवल्या की गॅस धरतो, आणि फ्रिजमध्ये त्यानंतरच.